अडल्या वेळेची पिशवी



आज आपण एका पिशवीचा धडा वाचणार आहोत. ही पिशवी मोठी नाही. खांद्याला अडकवता येईल एवढीच आहे. ती भरायला फार पैसेही लागत नाहीत. तिच्यातल्या बहुतेक वस्तू तुमच्या घरात आज आहेतच. मग शिकायचे काय? शिकायचे एवढेच, की त्या वस्तू घरात असून भागत नाही. त्या एका जागी असाव्या लागतात.

"तहान लागल्यावर विहीर खणू नये," असे आपण म्हणतो. मीही वर्गात मुलांना हे वाक्य कितीदा लिहायला दिले. पण स्वतःच्या घरात मी ते पाळले नव्हते. त्याची ही हकीकत आहे.

१. पुराची रात्र

आमचे गाव कृष्णाकाठी आहे. ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. नागपंचमी झाली आणि दुसऱ्या दिवशी नदी गावात शिरली. ग्रामपंचायतीने आधीच दवंडी दिली होती. "खालच्या आळीने वर शाळेत जावे," असे सांगितले होते. पण आम्ही गेलो नाही. का गेलो नाही? २००५ साली मोठा पूर आला होता. तेव्हाचे पाणी आमच्या दारापासून वीस पावलांवर थांबले होते. तिथल्या भिंतीवर खूणही केली होती. मी सगळ्यांना म्हणालो, "त्या खुणेच्या वर पाणी येत नाही."

नदी काही खुणा वाचत नाही. २००५ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी जवळजवळ ५४ फुटांवर गेले होते. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले. रात्री अकराला पाणी आमच्या ओसरीवर आले. वीज आधीच गेली होती.

मी बॅटरी शोधली. ती सापडली, पण पेटेना. आत घातलेले सेल महिनोन्‌महिने तसेच राहून पाझरले होते. काडेपेटी चुलीजवळ होती, ती सादळली होती. घरातले कागद खाटेखालच्या पेटीत होते. पेटीत पाणी शिरले होते. पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोनाड्यात होत्या, पण कोणत्या कोनाड्यात हे अंधारात कळेना. एकेक वस्तू शोधण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात पाणी गुडघ्याला लागले.

मग गोठा आठवला. गोठ्यात एक म्हैस, एक गाय आणि तिचे नऊ दिवसांचे वासरू होते. दावी सुताची होती. पाण्याने गाठी फुगून गच्च बसल्या होत्या. नखांनी सुटेनात. विळी घरात कुठे तरी होती. मी नुसता हाका मारत होतो.

शेजारचे आबा आले. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून अडकित्ता काढला. "सरका गुर्जी," म्हणाले. सुपारी कातरावी तसे त्यांनी म्हशीचे दावे चार-पाच दाबांत कातरले. मग गाईचे कातरले. वासरू आत खोलगट बाजूला बांधले होते. आम्ही तिथे पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता.

शाळेकडे चढताना गाय दोनदा मागे फिरली. तिला ओढून न्यावे लागले. मी कोणाशी बोललो नाही.

ज्या शाळेत मी मुलांना स्वावलंबन शिकवले, त्याच शाळेच्या एका वर्गात आम्ही सहा दिवस राहिलो. पत्नीला तीन दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत. तिला चक्कर येऊ लागली. चौथ्या दिवशी बोटीतून डॉक्टर आले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

मी आबांना म्हणालो, "आबा, आज तुमच्या चंचीने लाज राखली." आबा म्हणाले, "गुर्जी, हाताला लागंल तिथं ठिवल्याली वस्तू ती आपली. न्हाईतर ती दुकानातच बरी."

हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले.

२. चंची काय शिकवते?

तंबाखू खाऊ नये, हे मी पूर्वी सांगत होतो आणि आजही सांगतो. पण चंचीचे गुण घ्यावेत. ते तीन आहेत.

पहिला गुण, ती लहान असते. कमरेला बसते. दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताला नातू आणि दुसऱ्या हाताला भिंत धरायची असेल, तर गाठोडे कसे उचलणार?

दुसरा गुण, तिच्यात कप्पे असतात. चुना कुठे, कात कुठे, सुपारी कुठे, हे म्हाताऱ्याला डोळे मिटूनही कळते.

तिसरा गुण, ती रोज उघडली जाते. त्यामुळे आत काय संपले ते लगेच समजते.

मेंढरे घेऊन फिरणारा धनगर पाहा. महिनोन्‌महिने तो रानात राहतो. बरोबर किती सामान असते? घोंगडी, काठी, दोर, कोयता, पाण्याचे भांडे. घोंगडी पावसात पांघरायची, थंडीत अंथरायची. ती ओली झाली तरी ऊब देते. एक वस्तू आणि तिची चार कामे. आपणही पिशवी भरताना हेच पाहायचे आहे.

३. पिशवीत काय ठेवावे?

पिशवी जाड कापडाची किंवा शाळेच्या दप्तरासारखी, पाठीवर घेण्याची असावी. आत आधी प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालावी. त्या पिशवीत बाकीचे सामान ठेवावे. म्हणजे वरून भिजले तरी आत कोरडे राहते.

उजेड: एक लहान बॅटरी घ्यावी. सेल बॅटरीत घालून ठेवू नयेत. ते वेगळ्या कागदात गुंडाळून बॅटरीलाच बांधावेत. म्हणजे ते पाझरून बॅटरी खराब होत नाही. काडेपेटी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावी. काड्यांची टोके वितळलेल्या मेणात बुडवून वाळवली, तर त्या लवकर सादळत नाहीत. पेटवताना टोकावरचे मेण नखाने खरवडावे. मात्र घरात गॅसचा वास येत असेल, तर काडी ओढू नये आणि विजेचे बटणही दाबू नये.

आवाज: एक शिट्टी, दोरीत ओवलेली. शिट्टी कशाला, असे तुम्ही म्हणाल. माणूस ओरडून ओरडून थकतो. घसा बसतो. शिट्टीला थोडा दम पुरतो आणि आवाज लांब जातो. तीनदा फुंकावे, थांबावे, पुन्हा तीनदा फुंकावे. म्हणजे ऐकणाऱ्याला कळते की हा पोरांचा खेळ नव्हे.

खूण: एक लहान आरसा. ऊन असेल तर त्याचा कवडसा बोटीकडे किंवा विमानाकडे फिरवावा. तो लांबून दिसतो. लाल किंवा पिवळे कापड काठीला बांधून गच्चीवर लावावे. तेही दिसते.

धार आणि दोर: मिटणारा चाकू, आणि दहा मीटर नायलॉनची दोरी. दावे कापायला, कपडा फाडायला, छप्पर बांधायला या दोन वस्तू लागतात. सुई-दोरा आणि चार सेफ्टीपिनाही ठेवाव्यात.

ऊब आणि आडोसा: शेतात वापरतो तो प्लॅस्टिकचा जाड कागद, घडी करून. त्याची खोळ होते, अंथरूण होते, छप्पर होते, आणि पावसाचे पाणी धरायलाही तो चालतो. एक चादर आणि माणशी एक कोरडा कपडा. बायकांनी पाळीचे स्वच्छ कापड किंवा पॅड विसरू नये. यात लाजण्यासारखे काही नाही. शाळेच्या त्या वर्गात आमच्या लेकीसुनांचे याच एका वस्तूवाचून फार हाल झाले.

अन्न: फुटाणे, शेंगदाणे, गूळ. हे शिजवावे लागत नाही, लवकर नासत नाही आणि अंगात ताकद ठेवते. लहान मूल असेल तर त्याच्या सोयीचे काही ठेवावे.

औषध: जो माणूस रोज गोळी घेतो, त्याच्या सात दिवसांच्या गोळ्या. त्या त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, म्हणजे नाव वाचता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल बरोबर ठेवावी. थोडा कापूस, पट्टी, जंतुनाशक मलम आणि जुलाबावरच्या क्षारांच्या चार पुड्या. ह्या पुड्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात.

कागद: रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, सात-बारा, विम्याचा कागद. या सगळ्यांच्या नकला काढाव्यात. त्या दाबून बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालाव्यात. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो, मदत मिळते. तेव्हा हे कागद विचारतात. थोडे पैसेही ठेवावेत, पण सुट्ट्या नोटा. पुरात पाचशेची मोड कोण देणार?

नंबर: फोनची बॅटरी संपली की त्यातले सगळे नंबर गेले. म्हणून एका कागदावर पेनने नंबर लिहावेत. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हा कागद तुमच्याच हाताने लिहा. नातेवाईक, पोलीसपाटील, सरपंच यांचे नंबर लिहा. त्याखाली हे तीन लिहा: कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

४. पाण्यात राहून पाणी नाही

पुरात चारी बाजूंना पाणी असते, आणि पिण्याला थेंब नसतो. विहिरीत आणि हातपंपात घाण शिरते. असे पाणी प्याले की जुलाब लागतात. जुलाबाने लहान मूल एका दिवसात कोमेजते.

म्हणून पिशवीशेजारी पाच लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन ठेवावा. पावसाळ्यात तो भरलेला असावा. पाणी दर आठवड्याला बदलावे. एका माणसाला दिवसाला नुसते प्यायला दोन ते तीन लिटर पाणी लागते. यावरून घराचा हिशेब करावा.

हा कॅन रिकामा झाला तरी टाकू नये. पूर्वी पोरे पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकत. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन तसाच तरंगतो. बुडणाऱ्याकडे तो दोरी बांधून फेकता येतो. आपण पाण्यात न उतरता माणूस वाचतो.

बाहेरचे पाणी प्यावेच लागले तर काय करावे? गढूळ पाणी आधी निवळू द्यावे. मग दुहेरी कापडातून गाळावे. तुरटी फिरवली तर गाळ लवकर खाली बसतो. पण ध्यानात ठेवा, तुरटीने पाणी स्वच्छ दिसते, त्यातले रोगजंतू मात्र मरतीलच असे नाही. म्हणून नंतर पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे. सरपण नसेल तर आरोग्य खात्याच्या क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात. किती पाण्याला किती गोळ्या, हे पाकिटावर लिहिलेले असते. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबून मग प्यावे.

जुलाब लागले तर क्षारांची पुडी पाण्यात कालवून द्यावी. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच घ्यावे. पुडी नसेल तर घरी करावे. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. हे पाणी घोट घोट देत राहावे आणि रोग्याला डॉक्टरकडे न्यावे.

५. पिशवी कुठे ठेवावी?

पिशवी दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर, खुंटीला टांगावी. तिच्यावर दुसरे काही टांगू नये. तिची जागा घरातल्या लहानात लहान मुलालाही माहीत असावी. ती कोणी उचलायची, हेही आधी ठरवावे. "तू घेतलीस ना?" "मला वाटलं तुम्ही घेतली," असे दोघांनी रस्त्यात म्हणू नये.

दर अमावास्येला पिशवी उघडावी. फुटाणे-गूळ खाऊन टाकावेत आणि नवे भरावेत. औषधाची तारीख वाचावी. बॅटरी लावून पाहावी आणि सेल पुन्हा बाहेर काढावेत. मृग लागण्याच्या आधी सगळे एकदा नीट तपासावे.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट करावी. घरातले सगळे दिवे मालवावेत. मग पोरांना सांगावे, "आणा बरं पिशवी!" पोरांना हा खेळ फार आवडतो. तो खेळता खेळता हातांना वाट कळते.

आमच्या घरी पहिल्यांदा पिशवी टांगली तेव्हा पत्नी म्हणाली, "घरात असलं भरून ठेवणं म्हणजे संकटाला आवतण." मी म्हणालो, "आपण छत्री घेतो म्हणून का पाऊस पडतो?" ती हसली. मग तिनेच पिशवीवर लाल दोऱ्याने घराचे नाव शिवले.

६. निघताना

सूचना आली की उजेडातच निघावे. रात्रीची वाट पाहू नये. गॅस बंद करावा. जमीन कोरडी असेपर्यंतच विजेचे मेन बटण बंद करावे. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. जनावरे आधी वर न्यावीत. नेता आली नाहीत तर त्यांची दावी सोडावीत. मोकळे जनावर पोहून वाचू शकते. बांधलेले वाचत नाही.

वाहत्या पाण्यातून चालू नये. गुडघाभर पाण्याची ओढही धडधाकट माणसाला पाडते. पुरात साप कोरड्या जागी येतात. म्हणून अडगळीत हात घालण्याआधी बॅटरी लावावी. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, वर करकचून बांधू नये. माणसाला न चालवता, न हलू देता तडक दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

बोटीत आधी माणसे बसवावीत. सामान म्हणजे फक्त ही पिशवी. बोटवाला पुरे म्हणाला की चढू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटली आणि किती तरी माणसे बुडाली. पलीकडे काठ होता. तो दिवस आमच्या भागात कोणी विसरलेले नाही.

७. ज्यांच्या गावाला नदी नाही

"आमच्याकडे पूर येत नाही," असे कोणी म्हणेल. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लोक झोपेत होते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. अशा वेळी खुंटीवरची पिशवी घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून शिट्टी आणि एक छोटी बॅटरी उशाशी ठेवावी. ढिगाऱ्याखालून शिट्टी ऐकू येऊ शकते. डोंगराखाली राहणाऱ्यांनी आणखी एक पाळावे. पाऊस थांबत नसेल, जमिनीला भेगा पडल्या असतील किंवा झाडे-खांब कलले असतील, तर पिशवी घेऊन आधीच निघावे. पिशवी कितीही चांगली असली, तरी वेळेवर उचललेले पाऊल तिच्यापेक्षा मोठे आहे.

८. पुन्हा पूर

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा गावात शिरली. या वेळी मी भिंतीवरच्या खुणेकडे पाहिले नाही. दवंडी झाली आणि आम्ही दुपारीच निघालो. गाय पुढे, म्हैस मागे. पिशवी पत्नीच्या खांद्यावर होती. तिच्या गोळ्या आत होत्या. दार ओढून घ्यायला लागला तेवढाच वेळ लागला.

आबा शाळेच्या पायरीवर भेटले. मी पिशवी दाखवली. ते म्हणाले, "गुर्जी, तुमची चंची लई मोठी झाली की!" मग त्यांनी पिशवी हातात घेऊन वजन पाहिले आणि मान डोलावली. मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले.

लक्षात ठेवा

१. वस्तू घरात असणे वेगळे आणि वेळेला हाताला लागणे वेगळे.
२. पिशवी लहान ठेवा. दोन्ही हात मोकळे राहू द्या.
३. महिन्यातून एकदा उघडा. जुने काढा, नवे भरा.
४. सूचना मिळताच, उजेड असतानाच निघा.

शब्दांचे अर्थ

चंची: पान-सुपारी ठेवण्याची कप्प्यांची कापडी पिशवी
दावे: जनावर बांधण्याची दोरी
सादळणे: दमट होणे
खोळ: पावसात डोक्यावरून घेण्याचे आवरण
पंचनामा: नुकसान पाहून केलेली लेखी नोंद

प्रश्न

१. गुरुजी दवंडी ऐकूनही वेळेवर का निघाले नाहीत?
२. बॅटरीत सेल घालून का ठेवू नयेत?
३. तुरटी फिरवलेले पाणी उकळावे का लागते?
४. साखर-मिठाच्या पाण्याचे माप लिहा.

करून पाहा

आज रात्री घरातला दिवा मालवा. बॅटरी, औषध आणि रेशनकार्ड अंधारात शोधा. किती वेळ लागला ते वहीत लिहा. पिशवी तयार झाल्यावर पुन्हा करून पाहा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.